एक जन्म, अनेक देशाचार

जन्मोत्सवाचे कीर्तन करणाऱ्यास मुहूर्त सांभाळावा लागतो. रामनवमीस माध्यान्ह टळू द्यावयाची नाही आणि गोकुळाष्टमीस मध्यरात्रीपूर्वी आख्यान संपवावयाचे नाही. पाळण्याची दोरी, गुलाल, सुंठवडा, सारे काही त्या एका क्षणासाठी खोळंबलेले असते. आमचे उभे आयुष्य या सेवेत गेल्यामुळे कोणत्याही धर्माचा जन्मोत्सव समोर आला की आमच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच : तिथी कोणती, आणि तिला आधार कोणता?

नाताळाविषयी हा प्रश्न विचारू जाता मोठे कुतूहलाचे उत्तर हाती येते. ख्रिस्ती धर्मग्रंथात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत. त्यांपैकी मार्क आणि योहान यांनी जन्मकथा सांगितलेलीच नाही. ती सांगितली मत्तय आणि लूक या दोघांनी, आणि तीही निरनिराळ्या अंगांनी. धर्मशाळेत जागा न मिळाल्यामुळे बाळ गव्हाणीत निजविले गेले आणि रानातील मेंढपाळ दर्शनास आले, हे लूक सांगतो. आकाशातील तारा आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष हे मत्तयाकडे आहेत. ते ज्ञानी पुरुष तीन होते, असे मात्र मत्तय म्हणत नाही. भेटवस्तू तीन, म्हणून आणणारेही तीन, असे पुढील परंपरेने ठरविले. देखाव्यात हटकून दिसणारे बैल आणि गाढव तर दोन्हीही कथांत नाहीत. आणि महिना वा दिवस यांचा दोन्हीकडे उल्लेखही नाही. २५ डिसेंबर या दिवसाचा सर्वांत जुना दाखला मिळतो तो रोममधला, इ.स. ३३६ चा, म्हणजे जन्मानंतर तीनशेहून अधिक वर्षांचा.

ग्रंथात आधार नाही, तर उत्सव तरी का करावा, असे म्हणणारे कर्मठ लोक त्याही धर्मात निघाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुटी मिळावयास १९५८ साल उजाडावे लागले. परंतु लोकांनी उत्सव सोडला नाही. ग्रंथाने जेथे मौन धरले तेथे प्रत्येक देशाने आपले धान्य, आपला ऋतू, आपले वाद्य आणि आपले पंचांग आणून ठेविले. आमच्या धर्मशास्त्रकारांनी यासाठीच ‘देशाचार’ हा शब्द योजिला आहे. नाताळ हे त्या शब्दाचे चालते-बोलते उदाहरण होय.

लाल झग्यातील, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि कापसाच्या बर्फाने मढविलेले झाड एवढ्यावरच आपल्याकडे नाताळाची ओळख संपते. तो म्हातारा मूळचा आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावचा चौथ्या शतकातील धर्माध्यक्ष, संत निकोलस. पण मुलांना भेटी देण्याचे काम सर्वत्र त्याच्याकडेच आहे असे मुळीच नाही. हॉलंडमध्ये तो ५ डिसेंबरच्या रात्रीच येऊन जातो. स्पेनमध्ये ५ जानेवारीच्या रात्री ते तीन राजे भेटी आणतात, इटलीत केरसुणीवर बसून बेफाना नावाची म्हातारी येते, आणि आइसलँडमध्ये तर एकामागून एक असे तेरा खट्याळ बुटके उतरतात. ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. जपानमध्ये ख्रिस्ती समाज अगदी थोडा, तेथे तळलेल्या कोंबडीच्या दुकानासमोर रांगा लावणे ही १९७० नंतरच्या एका व्यापारी जाहिरातीने पाडलेली रूढी आहे. रूढी पडावयास शंभर वर्षे लागतातच असे नाही, एवढे त्यावरून दिसते. असो.

नाताळ म्हणजे खाणेपिणे, ही समजूतही अर्धीच खरी आहे. पूर्वेकडील पुरातन ख्रिस्ती मठमंदिरांत या सणाआधी दीर्घ व्रत असते. आफ्रिकेतील इथिओपिया देशात ते त्रेचाळीस दिवसांचे. त्या काळात मांस, अंडी, दूध, लोणी यांपैकी काही चालत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना या नेमाची कल्पना सहज यावी. तेथील सणाचे नाव ‘गेन्ना’, आणि तो येतो ७ जानेवारीस, कारण इथिओपियाचे पंचांग स्वतंत्र आहे. डोंगराच्या खडकात वरून खाली कोरीत नेलेली लालिबेला येथील देवळे बाराव्या-तेराव्या शतकांतील. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ‘वरून खाली’ म्हणजे काय ते अधिक सांगावयास नको. त्या देवळांत पांढरी सुती वस्त्रे पांघरलेले यात्रेकरू आदल्या रात्रीपासून दाटी करून उभे असतात. मरियमच्या देवळाच्या अंगणात उत्सवाच्या दिवशी पुरोहितांचे दोन ताफे होतात. एक वर खडकाच्या काठावर, दुसरा खाली अंगणात. वरच्यांनी गावे, खालच्यांनी उत्तर द्यावे. हातात एक खुळखुळणारे धातूचे वाद्य, खांद्याला मोठा ढोल, आणि आधाराला व तालालाही उपयोगी पडणारी उंच काठी. या गायनपद्धतीचा आद्य आचार्य म्हणून सहाव्या शतकातील संत यारेद याचे नाव तेथे घेतात. टाळ-मृदंगाच्या नादात आयुष्य काढलेल्या आम्हांस या वर्णनातील एकही गोष्ट परकी वाटत नाही. रात्रभर उभे राहून, ताल धरून, पाऊल टाकीत देवाचे नाव घेणारे लोक आणखीही आहेत, याचा आनंदच वाटतो.

मेक्सिकोत हा उत्सव नऊ रात्रींचा, १६ ते २४ डिसेंबर. त्याला ‘पोसादास’ म्हणतात. पोसादा म्हणजे धर्मशाळा. अकोल्मान येथील मठात सोळाव्या शतकाच्या अखेरीस या प्रथेचा उगम झाला असे मानतात. गर्भवती मरिया आणि योसेफ यांना कोणी आसरा दिला नाही, हा कथेतील एक लहानसा धागा. त्यावरच सारा उत्सव उभा आहे. गल्लीतील लोक दोन गटांत विभागतात. एक गट मेणबत्त्या घेऊन घरोघर हिंडतो आणि दाराशी उभा राहून गाण्यातून आसरा मागतो. दाराआडचा गट गाण्यातूनच नकार देतो : रात्र झाली आहे, तुम्ही चोर नसाल कशावरून? दारोदार नकार पचवीत मिरवणूक पुढे सरकते आणि ठरलेल्या घरी पाहुण्यांची ओळख पटून दार उघडते. मग प्रार्थना, खाणे आणि मुलांचा खेळ. उंच टांगलेल्या, सात टोके असलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या ‘पिन्याता’त मिठाई भरलेली असते. डोळे बांधलेल्या मुलाने ती काठीने फोडावयाची. ती सात टोके म्हणजे सात महापापे, असा त्याचा अर्थ तेथील जाणते लोक लावतात. आपण षड्रिपू मोजतो, त्यांनी एक अधिक मोजला. दाराबाहेरचा आणि दाराआतला असा हा सवाल-जवाब रचणाऱ्यास लोकांना कथेत कसे ओढून घ्यावे हे पुरते कळले होते, अशी दाद आम्ही आमच्या व्यवसायाच्या नात्याने देतो.

त्याच नऊ दिवसांत फिलिपीन्स बेटांवर लोक उत्तररात्री उठून देवळात जातात. कोंबडा आरवण्याच्या वेळेची ही प्रार्थना. शेतावर जाणाऱ्यांना ती आधी आटोपता यावी म्हणून इतक्या लवकर ठेविली असे सांगतात. घराघरावर बांबू आणि कागद यांचे ताऱ्याच्या आकाराचे आकाशकंदील असतात, त्यांना ‘पारोल’ म्हणतात. प्रार्थनेहून परतताना देवळाबाहेर तांदळाच्या पिठाचा गरम ‘बिबिंका’ मिळतो. या नावाने गोव्याकडील वाचक चमकले असतील. गोव्यातील ‘बेबिंका’ नारळाचे दूध, अंडी आणि साखर यांचा, थरावर थर देऊन भाजलेला. पदार्थ निराळा, पण नाव सख्ख्या बहिणीसारखे.

आणि गोव्याचा विषय निघाला आहे तर तेथे क्षणभर थांबणे प्राप्तच आहे. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीज भाषेने दिला. पोर्तुगीज अमलात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, धर्मन्यायासन चालू होते. १७३६ च्या हुकूमनाम्याने नवख्रिस्ती घरांतील जुन्या चालीरीतींवर, लग्नातील गाण्यांवर, विडे वाटण्यावर, हळदीवर कडक निर्बंध घातले. त्या काळाच्या आठवणी कडू आहेत आणि त्या गोड करून सांगण्याचे कारण नाही. तथापि, चुलीपुढे हुकूमनामा पुरता चालत नाही. चतुर्थीला हिंदू घरात तळली जाते ती नेवरी, म्हणजे आपली करंजी, नाताळात ख्रिस्ती घरातही तळली जाते. चतुर्थीचे ताट इकडून तिकडे जाते, नाताळाचे तिकडून इकडे येते. साष्टी तालुक्यातील रायतूर येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापून प्रसिद्ध केले. येशूची जन्मकथा मराठी माणसाला सांगावयाची तर ती ओवीतच सांगितली पाहिजे, हे त्या परदेशी माणसाने ओळखले होते. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूचे चरित्र काव्यात आरंभिले. ‘ख्रिस्तायन’ नावाचे ते काव्य त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आता आम्ही वाचकांस पोलंड आणि युक्रेन या शेजारी देशांकडे नेणार आहोत, कारण देशाचार जपणे केवढे महाग पडू शकते हे तेथे दिसते.

पोलंडमध्ये मुख्य सोहळा नाताळच्या आदल्या संध्याकाळचा. दिवसभर उपास. मुले खिडकीशी बसून आकाश न्याहाळतात. पहिली चांदणी दिसल्याखेरीज पानावर कोणी बसत नाही. टेबलावरील शुभ्र वस्त्राखाली मूठभर वाळले गवत पसरलेले असते, ती गव्हाणीची खूण. पापडासारखी पातळ पोळी घरातील वडीलधारे हातात घेतात. तिचा तुकडा एकमेकांनी मोडून घ्यावयाचा आणि वर्षभराचे रुसवेफुगवे विसरून शुभ चिंतावयाचे. त्यानंतर बारा पदार्थ, सारे मांसाविरहित. मासा मात्र चालतो. गोठ्यातील जनावरांसाठी तशीच रंगीत पोळी वेगळी ठेवण्याची चाल खेड्यांतून होती. आणि एक पान मांडून रिकामे ठेवितात. ते अवचित दारी येणाऱ्या वाटसरूसाठी; घरातून त्या वर्षी जे माणूस गेले असेल त्याची आठवणही त्या रिकाम्या पानाशी जोडलेली असते. वैश्वदेवानंतर अतिथीची वाट पाहण्याचा नेम आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत आम्ही पाहिला आहे. त्यामुळे या रिकाम्या पानाविषयी वाचताना आम्ही बराच वेळ त्या ओळीवर थांबलो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

सीमा ओलांडून युक्रेनमध्ये जावे तर तेथेही पहिली चांदणी, तेथेही बारा पदार्थ. त्यांत अग्रमान ‘कुत्या’चा : अखंड गहू शिजवून त्यात मध आणि खसखस घातलेली ही खीरच म्हणा. घराच्या कोपऱ्यात, देवाच्या तसबिरींखाली, कापणीच्या वेळी राखून ठेवलेल्या धान्याची पेंढी उभी करितात. तिचे नाव ‘दिदुख’. त्या पेंढीच्या रूपाने पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा आहे. जन्माच्या उत्सवात पितरांना विसरावयाचे नाही, हा त्यातील भाव.

पदार्थ सारखे, भाव सारखा, परंतु दिवस निराळा. पोलंडमध्ये ही रात्र २४ डिसेंबरची, तर युक्रेनमध्ये अलीकडेपर्यंत ती ६ जानेवारीची होती. याचे कारण पंचांगात आहे. ज्युलियस सीझरच्या पंचांगात वर्ष खऱ्या सौरवर्षाहून अकरा मिनिटांनी मोठे धरले होते. साचत साचत ती चूक दहा दिवसांची झाली, तेव्हा १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर मोजण्याचा हुकूम काढला. पोपचे अनुयायी असलेल्या देशांनी तो लागलीच मानला. रशिया, सर्बिया, जॉर्जिया येथील पूर्वपरंपरेच्या धर्मपीठांनी मात्र जुनेच पंचांग आजवर धरून ठेविले आहे. त्यांच्या हिशेबाने तेही २५ डिसेंबरच पाळतात. फक्त त्यांचा २५ डिसेंबर आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेत ७ जानेवारीस पडतो. अंतर आज तेरा दिवसांचे आहे. २१०० सालानंतर ते चौदाचे होईल आणि २१०१ मध्ये त्यांचा नाताळ ८ जानेवारीस येईल. स्मार्त आणि भागवत एकादशी, दाते आणि टिळक पंचांग यांत वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. संक्रांतीचेच पाहा. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ वा १५ जानेवारीस येते. कारण निराळे, पण सूर्य कोणाच्याच हिशेबासाठी थांबत नाही.

सोव्हिएत राजवटीत या उत्सवावर वक्रदृष्टी होती. नाताळचे झाड आधी निषिद्ध ठरले. १९३५ अखेर ते परत आणले, पण नववर्षाचे झाड म्हणून. भेटी देणारा ‘हिमआजोबा’ही ३१ डिसेंबरला येऊ लागला. चौकातून सण गेला तरी घरात कुत्या शिजत राहिली. युक्रेनी खेड्यांत या दिवसांत तारा उंच धरून, सोंगे घेऊन, दारोदार गाणी म्हणत हिंडण्याची चाल आहे. आपल्या वासुदेवासारखे गीतातून घरधन्याला शुभ चिंतावयाचे. अशाच एका लोकगीतावर मिकोला लेओन्तोविच या संगीतकाराने समूहगायनासाठी केलेली रचना १९१६ मध्ये कीव्हमध्ये प्रथम गायिली गेली. पुढे इंग्रजी शब्द लाभून ती नाताळचे घंटागीत म्हणून जगभर पसरली. मूळ गीतात घंटा नाही आणि जन्मकथाही नाही; घरात शिरून धन्याला भरभराटीची वार्ता देणारी एक पाकोळी आहे. जानेवारी १९२१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने लेओन्तोविचला गोळी घालून ठार केले. १९७२ च्या जानेवारीत ल्विव्ह शहरात काही कवी, चित्रकार, अध्यापक अशीच सोंगे घेऊन नाताळची गाणी गात हिंडले. थोड्याच दिवसांत युक्रेनभर विचारवंतांची धरपकड झाली आणि त्या गाणाऱ्यांपैकी काहीजण तुरुंगात गेले. त्यांतील कवी वासिल स्तुस १९८५ मध्ये श्रमछावणीतच वारला. घरोघर जाऊन जन्माची गाणी म्हणणे हा जेथे धाडसाचा भाग होता, तेथील लोकांचा देशाचार बाहेरच्याने केवळ गंमत म्हणून पाहू नये.

अशा रीतीने जपलेला ७ जानेवारीचा दिवस त्याच लोकांनी पुढे आपण होऊन बदलला. रशियाने २०२२ मध्ये आक्रमण केल्यावर, मॉस्कोबरोबर एकाच दिवशी जन्मोत्सव करणे अनेकांना नकोसे झाले. जुलै २०२३ मध्ये कायद्याने नाताळची सुटी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणिली; त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून तेथील दोन मोठ्या धर्मपीठांनीही नवे पंचांग स्वीकारिले. मॉस्कोशी पूर्वापार संबंध असलेले तिसरे धर्मपीठ जुन्या दिवसावर राहिले. काही घरांत दोन्ही दिवस पाळले जातात : एक देशाचा, एक आजीचा. तिथी बदलणे म्हणजे भिंतीवरचे पान उलटणे नव्हे. ज्या दिवशी आई-आजोबांनी संकटातही दिवा लावला तो दिवस सोडताना घरात काय होत असेल, याचा विचार केला तर मन हळवे होते. आणि तरीही त्यांच्या निर्णयास आम्ही नावे ठेवणार नाही. स्वदेश जळत असताना पंचांगही निरागस राहत नाही.

शेवटी मूळ ठिकाणी, बेथलेहेमला जाऊ. तेथील जन्ममंदिराच्या तळघरातील गुहेत, जन्मस्थान म्हणून पूजिल्या जाणाऱ्या जागी, चौदा टोकांचा चांदीचा तारा जमिनीत बसविला आहे. लॅटिन, ग्रीक आणि आर्मेनियन अशा तीन पंथांचे तेथे हक्क आहेत. कोणता दिवा कोणी लावावा, कोणती पायरी कोणी झाडावी, येथपर्यंत वहिवाटी ठरलेल्या आहेत. १८४७ मध्ये तो ताराच चोरीस गेला आणि त्या तंट्याचे पडसाद क्रिमियाच्या युद्धापर्यंत उमटले. २०११ च्या डिसेंबरात झाडण्याच्या हद्दीवरून दोन पंथांचे पुरोहित केरसुण्या घेऊन एकमेकांवर धावले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. क्षेत्राच्या गावी राहणाऱ्यांनी यावर हसावे हे बरे नव्हे. मानपानाचे आणि वहिवाटीचे दावे आमच्याही गावांना ठाऊक आहेत.

२०२३ साली गाझातील युद्धामुळे बेथलेहेमच्या चौकात झाड उभारले गेले नाही, रोषणाई झाली नाही. तेथील ल्यूथरपंथी देवळात गव्हाणीच्या जागी विटा-दगडांचा ढिगारा रचून त्यात बाळाची मूर्ती ठेविली होती. प्रार्थना मात्र खंडित झाल्या नाहीत. त्या गुहेत जन्मोत्सव वर्षातून तीन वेळा होतो. २४ डिसेंबरच्या मध्यरात्री लॅटिन पंथाचा. ६ जानेवारीच्या रात्री ग्रीक आणि त्यांच्याबरोबर सिरियन व कॉप्ट पंथांचा. आर्मेनियन लोक जन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही प्राचीन प्रथेप्रमाणे एकाच दिवशी, ६ जानेवारीस पाळतात. पवित्र भूमीत ते जुन्या पंचांगाने मोजतात, म्हणून त्यांची पाळी येते १८ जानेवारीच्या रात्री. तेव्हा पुन्हा घंटा वाजतात, त्याच अरुंद पायऱ्या उतरून पुरोहित त्याच ताऱ्यापाशी येतात, आणि मग त्या वर्षापुरता जन्मोत्सव संपतो.